२०१० च्या धुळवडीला पीएस३ ची तारीख हरवली त्याची गोष्ट

१ मार्च २०१०, सोमवार, धुळवड. आदल्या रात्री होळी झालेली, उरलेली पुरणपोळी दुधात कुस्करून खाल्लेली, कानामागचा हिरवा रंग काही निघत नाहीये, आणि आता दुपारभर गेम खेळायचा असा साधा सरळ प्लॅन. ज्यांच्याकडे पीएस३ चं, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन ३ या टीव्हीला जोडायच्या गेम कन्सोलचं, जुनं जाडं मॉडेल होतं त्यांनी डिस्क टाकली, गेम सुरू व्हायला लागला आणि मधेच मेसेज आला की ट्रॉफीची (गेममध्ये मिळणाऱ्या बक्षिसाची) माहिती रजिस्टर झाली नाही, गेम बंद होतोय, आणि शेवटी एक नंबर, ८००१०५०एफ. परत लावला, परत तेच. डिस्क शर्टाला पुसली, तेच. नेटची वायर काढली, तरी तेच. मग कोणीतरी सेटिंगमध्ये जाऊन तारीख बघितली तर मशीन म्हणतंय १ जानेवारी २०००.

हे आपल्याकडेच नाही, जगभर एकाच क्षणी झालं. ग्रीनिच वेळेप्रमाणे रात्रीचे बारा वाजले आणि गडबड सुरू, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाच, आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर अजून रविवार २८ फेब्रुवारी, दुपारचे चार. रविवारी दुपारी चार म्हणजे गेमिंगची ऐन वेळ, त्यामुळे बोंबाबोंब तिकडून जास्त झाली (होळीला बोंब मारायची असते हे त्यांना माहीत नसणार, पण मारली मात्र मुहूर्तावर). लोकांनी लगेच नाव पण पाडलं, ‘अपोकॅलिपीएस३’ (अपोकॅलिप्स म्हणजे जगबुडी, त्यात पीएस३ घुसवलेला). आधी सगळ्यांना वाटलं सर्व्हर पडला, मग वाटलं हॅक झालं, आणि मग सोनीने जाहीर सांगितलं की स्लिम सोडून बाकी कुठलंही मॉडेल असेल तर दुरुस्ती होईपर्यंत चालूच करू नका, नाहीतर ट्रॉफीच्या नोंदी वगैरे बिघडतील आणि काही डेटा परत मिळणार नाही. विचार करा, एवढं महागाचं मशीन घरात आहे आणि बनवणारेच म्हणतायत हात लावू नका. स्लिमवाले, म्हणजे ज्यांनी सप्टेंबर २००९ नंतर नवीन बारीक मॉडेल घेतलं होतं, ते मात्र आरामात खेळत होते.

सोनीने कारण सांगितलं ते एका ओळीचं होतं: जुन्या मॉडेलमधल्या आतल्या घड्याळाला २०१० हे लीप वर्ष वाटलं. म्हणजे २८ फेब्रुवारी संपली आणि घड्याळ गेलं २९ फेब्रुवारी २०१० ला, जी तारीख जगात कधी झालीच नाही.

आता यात पहिला प्रश्न पडतो तो असा की घड्याळ एक दिवस चुकलं तर चुकलं, भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे असलं तर भात शिजायचा थांबत नाही. डिस्क माझी, मशीन माझं, गेम एकट्याने खेळायचा, मग तारखेचा काय संबंध? ते समजायला आधी मशीनच्या पोटात जावं लागतं.

मी माझ्याकडचा एक जुना कन्सोल (कंपनीचं नाव जाऊ दे) मागच्या पावसाळ्यात उघडला होता, कारण तो दरवेळी चालू केला की तारीख विचारायचा. जेवणाच्या टेबलावर पेपर अंथरला, स्क्रू एकेका वाटीत ठेवले, वरचं झाकण काढलं, धुळीचा एक नमदा निघाला, आणि मदरबोर्डच्या कडेला ती दिसली, एक रुपयाच्या नाण्यासारखी चपटी गोल बॅटरी. वरती लिहिलेलं सीआर२०३२. हे नाव म्हणजे काही सिक्रेट कोड नाही, सरळ माप आहे, २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. तसंच सीआर२०२५ म्हणजे २० रुंद, २.५ जाड, सीआर१६१६ म्हणजे १६ रुंद, १.६ जाड. नवीन सेल तीन व्होल्टचा असतो, मल्टिमीटर लावला तर माझा दोनच्या जेमतेम वर. घड्याळजीच्या दुकानात गेलो, त्याने नाव पण न विचारता काढून दिला, कारण गाडीच्या रिमोटला, वजनकाट्याला, सगळीकडे हाच लागतो.

या सेलचं काम एकच, मशीनची वायर काढलेली असताना आतलं छोटं घड्याळ चालू ठेवणं. त्या घड्याळाला रिअल टाइम क्लॉक म्हणतात, आरटीसी. त्यात क्वार्ट्झचा एक बारकुडा स्फटिक असतो तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा विचित्र आकडा कुठून आला? एक घेऊन पंधरा वेळा दुप्पट करत नेलं की ३२,७६८ येतो (२, ४, ८, १६ असं १५ वेळा), म्हणजे उलट्या बाजूने पंधरा वेळा अर्धं केलं की बरोबर एक उरतो, सेकंदाला एक टिक, आणि अर्धं करत जाणारं सर्किट बनवायला सगळ्यात सोपं आणि स्वस्त. हातातल्या क्वार्ट्झच्या घड्याळात पण हेच. अशा स्वस्तातल्या स्फटिकात दहा लाखात वीसएक भागांची चूक चालवून घेतात, म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद, वर्षाला साधारण दहा मिनिटं. ती चूक कोणाला दुखत नाही, नेटवरून वेळ आली की दुरुस्त होते.

इथे आपल्या घरातली एक सवय सांगायला पाहिजे. कन्सोल प्लगला लावलेला आणि स्टँडबायवर असेल तर घड्याळ भिंतीतल्या विजेवर चालतं आणि सेल नुसता बसून असतो. पण आपल्याकडे रात्री झोपताना आई सगळी बटणं बंद करत फिरते, पावसाळ्यात वीज कडाडली की वायरच काढतो, आणि उन्हाळ्यात गावाला गेलो तर मेन स्विच ऑफ. तेवढा सगळा वेळ घड्याळ त्या सेलवर. त्यामुळे इंटरनेटवर कोणी सांगितलं की सेल पंधरा वर्षं टिकतो तर त्याच्या भिंतीवरचं बटण कायम चालू असतं हे लक्षात घ्या, आपलं गणित वेगळं.

असो, तर बॅटरी संपली म्हणजे घड्याळ शून्यावर जातं, हे एक प्रकारचं दुखणं. २०१० ला जे झालं ते वेगळं, तिथे बॅटरी ठणठणीत होती, हिशोब चुकला.

लीप वर्षाचा नियम शाळेत शिकलोय सगळे: चारने भाग गेला तर लीप, पण शंभरने गेला तर नाही, पण चारशेने गेला तर परत हो. २००० लीप होतं, २१०० नसेल. २०१० ला चारने भाग जात नाही हे चौथीतलं पोरगं सांगेल, मग मशीनला का नाही जमलं? सोनीने नेमकी कोडची ओळ काही दाखवली नाही, पण जाणकारांचं बोट जिथे गेलं ती जागा फार भारी आहे आणि जरा थांबून समजून घेण्यासारखी आहे.

घड्याळाच्या चिपमध्ये आकडे बरेचदा बीसीडी नावाच्या पद्धतीने ठेवतात. कॉम्प्युटरला शून्य आणि एकच कळतं, तर प्रत्येक अंकासाठी चार-चार खाने ठेवायचे. १० लिहायचं असेल तर आधी १ चे चार खाने, ०००१, मग शून्याचे चार खाने, ००००. एकत्र झालं ०००१००००. स्क्रीनवर दाखवायला हे सोयीचं पडतं कारण अंक वेगवेगळे सुटे मिळतात. पण हेच आठ खाने जर कोणी साध्या बायनरी पद्धतीने वाचले तर ते १० होत नाहीत, १६ होतात. तेच चिन्ह, वाचणारा वेगळा. किराणा दुकानदाराने वहीत १।। लिहावं आणि नव्या पोराने ते एकशे अकरा वाचावं तसं.

आता गंमत अशी की शून्यापासून नऊपर्यंत दोन्ही पद्धतीत आकडे सारखेच दिसतात. ०६, ०७, ०८, ०९, कसंही वाचा, उत्तर तेच. पीएस३ बाजारात आला नोव्हेंबर २००६ ला. म्हणजे २००६, ०७, ०८, ०९, चारही वर्षं ही चूक असली तरी दिसणारच नव्हती, २००८ हे खरं लीप वर्षसुद्धा अगदी बरोबर निघून गेलं असणार, टेस्ट करणाऱ्यांनी २००८ ची फेब्रुवारी बघून टिक मारली असणार. पहिल्यांदा फरक पडला २०१० ला. १० ला वाचलं १६, सोळाला चारने भाग जातो, झालं लीप वर्ष, घ्या २९ फेब्रुवारी.

आणि हे पीएस३ ला एकट्यालाच झालं असंही नाही. त्याच वर्षी जानेवारीत जर्मनीत लाखो बँक कार्डं चालेनात, कारण त्यांच्यावरच्या चिपला २०१० हे साल झेपलं नाही. ऑस्ट्रेलियात बँक ऑफ क्वीन्सलँडची कार्ड स्वाइप करायची मशीनं डायरेक्ट २०१६ मध्ये गेली आणि ग्राहकांची कार्डं मुदत संपलेली म्हणून नाकारायला लागली. विंडोज मोबाइलच्या काही फोनवर एसएमएस यायचे ते २०१६ सालचे. १० चे १६, परत परत. २००० सालाला सगळं जग घाबरलं होतं, वायटूकेसाठी, म्हणजे कॉम्प्युटरमधली ‘००’ सालाची चूक दुरुस्त करायला, पुण्या-मुंबईची किती पोरं अमेरिकेला गेली, आणि दहा वर्षांनी हे गुपचूप येऊन बसलं आणि कोणाच्या गावी नाही.

आपल्या पंचांगाचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. त्याच २०१० मध्ये आपला अधिक वैशाख आला होता, अख्खा महिना जादा, तिथीची वृद्धी होते, क्षय होतो, एकादशी दोन-दोन दिवस येते, आणि तरी कोणाचा सत्यनारायण अडकत नाही, कारण पंचांगकर्ते आकडेमोड आधी करून छापून ठेवतात आणि प्रत्येक घरातल्या भिंतीवर तोच कागद असतो. पीएस३ मध्ये घोळ हा झाला की एका घरात दोन पंचांगं होती.

म्हणजे असं. खालची घड्याळाची चिप म्हणाली आज २९ फेब्रुवारी २०१०. वरचं सॉफ्टवेअर, ज्याला खरं कॅलेंडर माहीत आहे, ते म्हणालं अशी तारीखच नसते. आणि सॉफ्टवेअरला अशी अशक्य तारीख दिली की ते सहसा दोनपैकी एक करतं, एकतर एरर देतं नाहीतर सुरुवातीच्या तारखेवर जाऊन बसतं. इथे दोन्ही झालं. काही ठिकाणी १ जानेवारी २००० दिसलं, अमेरिकेत कित्येकांना ३१ डिसेंबर १९९९ दिसलं, कारण त्यांची वेळ ग्रीनिचच्या मागे. आणि जिथे जिथे तारीख लागते तिथे ८००१०५०एफ.

आता ती तारीख लागते कुठे कुठे? पहिलं म्हणजे ट्रॉफी. ज्यांनी खेळलं नाही त्यांच्यासाठी, गेममध्ये काही ठरावीक करून दाखवलं की ट्रॉफी मिळते, शाळेतल्या प्रमाणपत्रासारखी, आणि त्यावर तारीख-वेळ असते. पीएस३ वर त्या २००८ च्या जुलैमध्ये आल्या आणि २००९ च्या सुरुवातीपासून नवीन गेमना कंपलसरी झाल्या. गेम सुरू होताना ट्रॉफीची वही उघडतो, वही उघडायला आजची तारीख मागतो, तारीख मिळाली नाही की म्हणतो मग मी सुरूच होत नाही. हे म्हणजे वर्गाच्या मॉनिटरकडे हजेरीपुस्तक नाही म्हणून शाळाच भरली नाही. याच बगमध्ये (बग म्हणजे प्रोग्राममधली चूक) ज्या जुन्या गेमना ट्रॉफी नव्हत्या त्यातले बरेच चालत होते म्हणतात, यावरून काय ते समजा. गेमच्या बाजूने विचार केला तर कोणी मुद्दाम वाईट केलं नाही, कोड लिहिणाऱ्याच्या डोक्यात हेच होतं की घड्याळ कधी चुकीची तारीख देईल असं कशाला होईल.

दुसरं, लायसन्स. भाड्याने घेतलेला सिनेमा ठरावीक वेळेत बघायचा असतो, ती वेळ घड्याळावर मोजतात. त्या दिवशी भाड्याचे काही व्हिडिओ चालेनात.

तिसरं, ऑनलाइन लॉगिन. सुरक्षित कनेक्शन जोडताना समोरचा सर्व्हर स्वतःचं सर्टिफिकेट, म्हणजे ओळखपत्र, दाखवतो, त्यावर लिहिलेलं असतं या तारखेपासून या तारखेपर्यंत चालेल. तुमच्या मशीनचं घड्याळ २००० मध्ये असेल तर त्याला ते सर्टिफिकेट भविष्यातलं वाटतं, अजून जन्मच न झालेल्या माणसाचं आधार कार्ड, आणि दार बंद. जुन्या लॅपटॉपची बॅटरी गेली की ब्राउझर प्रत्येक साइटला ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणतो तो पण हाच प्रकार, आपण नेटवाल्याला फोन करून शिव्या घालत बसतो.

मग प्रश्न येतो की सेटिंगमध्ये जाऊन हाताने तारीख बरोबर का नाही केली? केली की लोकांनी, आणि काही उपयोग झाला नाही, आणि माझ्या मते या अख्ख्या भानगडीतली मुख्य गोष्ट हीच आहे. अशा कन्सोलमध्ये तुम्हाला दिसणारं घड्याळ आणि आतलं घड्याळ वेगळी असतात. आतलं घड्याळ एका लयीत पुढे पुढे जात राहतं, त्याला तुम्ही हात लावू शकत नाही. तुम्ही सेटिंगमध्ये वेळ बदलता तेव्हा मशीन फक्त टिपून ठेवतं की याला आतल्यापेक्षा एवढा फरक करून दाखवायचा. आजोबांचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं आणि सगळं घर मनातल्या मनात दहा वजा करतं, तसं. आतलं घड्याळ लपवलं का, तर लोक लबाडी करतात म्हणून, तारीख मागे घेऊन भाड्याचा सिनेमा महिनाभर बघतील, ट्रॉफी आधी मिळवल्याचं दाखवतील. कारण पटण्यासारखं आहे. पण त्याचा अर्थ असा होतो की कुलूप ज्या घड्याळाला बांधलंय त्याची किल्ली मालकाकडे नाही, आणि घड्याळ चुकलं तर मालकाने फक्त वाट बघायची.

आणि वाट बघण्यानेच ते सुटलं, अक्षरशः. कोणताही अपडेट लागला नाही. चोवीस तासांनी आतल्या घड्याळात ती भुताची २९ फेब्रुवारी संपली, १ मार्च लागला, तारीख परत शक्य कोटीतली झाली, आणि सगळे जाडे पीएस३ आपोआप सुरू झाले. आपल्याकडे मंगळवारी पहाटे साडेपाचला. ज्यांची तारीख अजून चुकलेली दिसत होती त्यांना सोनीने सांगितलं की आता हाताने किंवा नेटवरून लावून घ्या, आता लागेल.

याच्या थोडं आधी, ३१ डिसेंबर २००८ ला, मायक्रोसॉफ्टच्या झ्यून नावाच्या गाणी ऐकायच्या प्लेअरचं असंच झालेलं, तो कन्सोल नव्हे पण दुखणं सख्ख्या भावाचं. त्याच्या ३० जीबीच्या मॉडेलमधलं घड्याळ १९८० पासूनचे एकूण दिवस मोजायचं आणि त्यातून वर्षं वजा करत जायचं. दिवस ३६५ पेक्षा जास्त आहेत? हो, मग बघ लीप वर्ष आहे का. हो, मग ३६६ पेक्षा जास्त आहेत का? नाही, बरोबर ३६६ आहेत. मग? मग काहीच लिहिलं नव्हतं. परत पहिल्या प्रश्नावर. दिवस ३६५ पेक्षा जास्त आहेत? हो... आणि हे गोल गोल चालू, सरकारी ऑफिसमधल्या दोन खिडक्यांसारखं, ही म्हणते त्या खिडकीवर जा आणि ती म्हणते या. लीप वर्षाचा शेवटचा दिवस, ३६६ वा, तेवढा एकच दिवस सुटला होता. उपाय पुन्हा तोच, बॅटरी पूर्ण उतरू द्या, १ जानेवारीची ग्रीनिचची दुपार होऊ द्या, मग चार्ज करा.

माझा सगळ्यात आवडता बग मात्र पोकेमॉन रूबी आणि सफायरचा. हे निनटेन्डोच्या हातात धरून खेळायच्या गेमबॉय अॅडव्हान्सचे गेम, जपानमध्ये २००२ च्या शेवटी आले. गेमबॉयला स्वतःचं घड्याळ नव्हतं म्हणून कार्ट्रिजमध्येच (गेम ज्या छोट्या डबीत येतो ती) घड्याळ आणि सेल बसवलेला, आणि गेममधली बेरीची झाडं खऱ्या वेळेने वाढायची, पाणी घालून जा, काही तासांनी फळं. समुद्राची भरती-ओहोटी पण खऱ्या वेळेवर, एक गुहा भरतीला एक रूप आणि ओहोटीला दुसरं. पोरं वर्षभर खेळली आणि मग एक दिवस बेऱ्या वाढायच्या थांबल्या. सेल चांगला, गेम चांगला, बेरी ढिम्म.

झालं काय होतं, कार्ट्रिजमधलं घड्याळ १ जानेवारी २००० पासून सुरू व्हायचं. गेम त्या तारखेचे एकूण दिवस काढायचा, म्हणजे मागची पूर्ण झालेली वर्षं एकेक करून मिळवायची आणि त्यात चालू वर्षाचे दिवस टाकायचे. पण मागची वर्षं मिळवताना ‘शून्यापर्यंत जा’ लिहायच्या ऐवजी ‘शून्याच्या आधी थांब’ लिहिलं गेलं, एका चिन्हाचा फरक, आणि शून्य नंबरचं वर्ष म्हणजे २००० तेवढं मोजायचं राहून गेलं. पहिलं वर्षभर याने काही बिघडत नाही कारण २००० हेच चालू वर्ष असतं. घड्याळात २००१ लागलं की २००० चे ३६६ दिवस हिशोबातून गायब, दिवसांचा आकडा परत शून्यावर. गेम बघतो, याने झाडाला पाणी घातलं ३६५ व्या दिवशी आणि आज तर शून्यावा दिवस आहे, म्हणजे वेळ मागे गेली, असं होऊ शकत नाही, मग काही करू नका. आणि असा तो पुढचं वर्षभर गप्प बसतो, जोपर्यंत आकडा परत ३६६ च्या पुढे जात नाही. म्हणजे ज्याला धीर होता त्याचं झाड वर्षाने आपोआप वाढलं, पण दहा वर्षांच्या पोराला वर्ष म्हणजे केवढं. दुरुस्ती निनटेन्डोने दिली ती पण त्या काळाला शोभेल अशी, गेमबॉयला नेट नाही, मग नंतर आलेल्या पोकेमॉन फायररेड-लीफग्रीनची कार्ट्रिज घ्या, दोन मशीनं केबलने जोडा आणि एका कार्ट्रिजमधून दुसरीत औषध पाजा.

आता त्या कार्ट्रिजमधले सेलच संपलेत, आणि गेम चालू करताना सरळ सांगतो की आतली बॅटरी संपली, गेम खेळता येईल पण वेळेवरच्या गोष्टी होणार नाहीत. हा मेसेज मला फार सभ्य वाटतो. सांगून टाकलं, आणि बाकीचा गेम खेळू दिला.

याच्या उलट पीएस४. २०२१ च्या मार्चमध्ये बातमी आली की पीएस३ आणि व्हिटाची (सोनीचा हातात धरायचा कन्सोल) ऑनलाइन दुकानं बंद होणार (नंतर एप्रिलमध्ये सोनीने तो निर्णय मागे घेतला), त्यावरून जुने गेम जपून ठेवणारी मंडळी खडबडून जागी झाली आणि त्यांनी एक गोष्ट पुढे आणली. पीएस४ मधला सीआर२०३२ संपला आणि मशीन प्लेस्टेशन नेटवर्कला जोडलेलं नसलं तर कुठलाच गेम सुरू होत नव्हता, डाउनलोड केलेला तर नाहीच, डिस्कवरचा पण नाही, सीई-३४८७८-० असा एरर. कारण तेच, ट्रॉफीची वही आणि आतलं घड्याळ. नवीन सेल टाकला तरी आतलं घड्याळ शून्यावर, ते लावायचा अधिकार फक्त सर्व्हरला. आज सर्व्हर आहे म्हणून एकदा लॉगिन केलं की काम झालं. पण सर्व्हर बंद झाल्यावर? तीसएक रुपयांच्या सेलमुळे जगातले सगळे पीएस४ एकेक करून विटेसारखे निकामी होणार होते. सोनीने गाजावाजा न करता सप्टेंबर २०२१ च्या ९.०० अपडेटमध्ये हे सुधारलं, आता सेल मेला तरी गेम सुरू होतो. ज्यांच्याकडे कपाटात पीएस४ पडून आहे आणि कधी अपडेट केला नाही त्यांनी एकदा तेवढं करून घ्या.

बाकी मशीनांचे आपापले नखरे. सेगा कंपनीच्या ड्रीमकास्ट कन्सोलचा सेल गेला की तो २७ नोव्हेंबर १९९८ वर जातो, म्हणजे जपानमधल्या स्वतःच्या जन्मतारखेवर, म्हातारा माणूस शेवटी लहानपणच्या गोष्टी सांगतो तसा. मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्समध्ये तर सेलच नाही, त्याजागी एक कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवणारा भाग, तो वीज गेल्यावर काही तास वेळ सांभाळतो. दुर्दैवाने तो कपॅसिटर म्हातारपणी गळतो आणि त्यातलं द्रव बोर्डवरच्या तांब्याच्या बारीक रेघा खाऊन टाकतं, त्यामुळे तो पहिला एक्सबॉक्स (शेवटचं १.६ मॉडेल सोडून) कोणाकडे असेल तर जाणते लोक पहिल्यांदा सांगतात की तो कपॅसिटर काढून फेका, मशीन त्याच्याशिवाय मजेत चालतं, फक्त वेळ दरवेळी विचारतं. घड्याळ सांभाळणाऱ्यानेच घर पोखरलं असा हा प्रकार.

जिथे वेळ बदलायला मोकळीक आहे तिथे लोकांनी मजा पण केलीय. पीएस२ वरच्या मेटल गिअर सॉलिड ३ मध्ये एक शंभरीतला स्नायपर आहे, त्याच्याशी लढाई फार लांबते, पण मधेच सेव्ह करून कन्सोलची तारीख आठवडाभर पुढे केली आणि परत आलात तर तो म्हातारपणाने मेलेला असतो. हे बनवणाऱ्यांनी मुद्दाम ठेवलेलं. आणि २०२० च्या लॉकडाउनमध्ये अॅनिमल क्रॉसिंग खेळणाऱ्यांमध्ये तर दोन पंथच होते, एक रोजच्या रोज थांबणारे आणि दुसरे निनटेन्डोच्या स्विच कन्सोलची तारीख पुढे ढकलून उद्याची भाजी आज काढणारे. तिथे पण तारीख मागे नेली तर साठवलेले सलगम सडतात, म्हणजे लबाडीला शिक्षा आहे पण दार उघडं आहे.

आणि हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर २९ फेब्रुवारी २०२४ आठवा. ईए कंपनीचा डब्ल्यूआरसी नावाचा मोटार रॅलीचा गेम त्या दिवशी सुरू होताना पडत होता, आणि कंपनीने अधिकृत उपाय काय सांगितला तर सिस्टमची तारीख १ मार्च करा. त्याच दिवशी न्यूझीलंडमध्ये सेल्फ सर्व्हिस पेट्रोल पंपांवर कार्ड चालेना. २०१० मध्ये नसलेली २९ फेब्रुवारी होती म्हणून अडलं, २०२४ मध्ये असलेली २९ फेब्रुवारी होती म्हणून अडलं.

माझ्या त्या जुन्या कन्सोलचं सांगायचं राहिलं. सेल बदलताना एक गोष्ट बघा, काही मशीनमध्ये तो खाचेत बसलेला असतो, नखाने निघतो, काहींमध्ये वायरीने प्लग केलेला आणि जुन्या कार्ट्रिजमध्ये तर पत्र्याच्या पट्ट्या लावून डाग दिलेला. डागवाला असेल तर पट्टीसकट मिळणारा सेलच आणा, साध्या सेलवर डायरेक्ट सोल्डरिंग गन टेकवू नका, तो फुगतो, फुटू पण शकतो. आणि कार्ट्रिजमध्ये सेव्ह पण त्याच सेलवर असेल, पोकेमॉन गोल्ड-सिल्व्हरमध्ये असतं तसं, तर सेल काढला त्या क्षणी सेव्ह गेला, आधी कॉपी करून घ्यायची सोय बघा. माझा खाचेतला होता. बसवला, झाकण लावलं, एक स्क्रू उरला (उरतोच), चालू केला. तारीख विचारली, भाच्याने हट्टाने स्वतःच्या जन्माची टाकली, म्हणाला बघू काय होतं. काही झालं नाही, गेम सुरू झाला, आणि सेव्हच्या यादीत माझे वीस वर्षांपूर्वीचे सेव्ह वरती आणि त्याचा आजचा खाली, तारखेने बरोबर क्रमात लागले.